दिसलं तरच दाबायचं

आपले डोळे पीएच.डी.ला लागलेत, ही बातमी मारुतरावांनी चिखलीत एकालाही सांगायची ठेवली नव्हती. देवळाच्या पारावर, दाढीच्या दुकानात, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, विषय पगारवाढीचा निघो की कांद्याच्या भावाचा, ते फिरवून फिरवून गाडी डोळ्यांवर आणत. "आमच्या सायलीच्या पुस्तकात माजं डोळं हायती," ते म्हणत. "निरोगी म्हनून. छप्पन वर्सं झाली, पर सरकारी शिक्का बसलाय, नॉर्मल." शिक्का सरकारी नव्हता, ताथवड्याच्या एका खासगी विद्यापीठाचा होता, आणि तोही अजून बसायचा होता. पण बापाच्या कौतुकाला पुरावा कोण मागतो?

सायली त्यांची एकुलती एक. ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासण्याचं शास्त्र शिकून तिनं आधी पदवी घेतली, मग त्यावरची पदवी, आणि आता पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. भावकीला यातलं एवढंच कळत होतं की पोरगी चष्म्याचे नंबर काढते आणि लग्नाचं नाव काढत नाही. "चष्म्यात काय डाक्टर व्हायाचं आसतं?" असं चुलते दौलतराव दर लग्नसराईत एकदा तरी चारचौघांत विचारत आणि वर स्वतःच हसत.

तिचा विषय तसा समजायला सोपा होता. समोर बघत असताना माणसाला वर, खाली, कडेला किती दिसतं, ते मोजणारं एक मशीन असतं. पांढऱ्या घमेल्यासारख्या खोलगट भांड्यात तोंड घालून बसायचं, मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर खिळवायची, आणि आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. निरोगी माणसाला किती दिसायला हवं याची मापं मशीनमध्ये भरलेली असतात, पण ती परक्या मुलखातल्या माणसांची. इथं भोसरी-मोशी-चाकणच्या पट्ट्यात तीस-तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाचं निरोगी माप काय, ते सायलीला काढायचं होतं. त्यासाठी निरोगी डोळे हवे होते, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. पन्नाशीपुढचा माणूस धरून आणावा तर कुणाला मोतीबिंदू, कुणाला साखर, आणि ज्याला काहीच नाही तो येतो येतो म्हणून ओव्हरटाइमला पळालेला.

म्हणून मारुतराव जेव्हा आपणहून "मंग माजं घे की" म्हणाले, तेव्हा तिला देव पावला. बाप हक्काचा पेशंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिनं सगळा सराव त्यांच्यावर केला होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला प्रत्येकीनं आपापला पेशंट आणायचा असे. बाकीच्या मुली मैत्रिणींच्या विनवण्या करत, हिचा पेशंट ठरलेला. पहिली पाळी संपवून, अंगाला ऑइलचा वास घेऊन ते थेट यायचे. शर्टाच्या खिशात कानात घालायचे नारिंगी बोळे तसेच. ते प्रेस शॉपमध्ये होते, म्हणजे पत्रा ठोकून सुटे भाग काढणाऱ्या मशीनवर. तिथं आवाज इतका की बोळ्यांशिवाय उभं राहायची सोय नाही. ते बोळे मारुतरावांच्या खिशात सुट्टीच्या दिवशीही असत.

तर असे मारुतरावांचे डोळे अभ्यासात आले. पण त्यात एक गोम होती, आणि ती सायलीशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. इतरांची तपासणी तिनं एकदाच घेतली होती. आप्पांची, म्हणजे वडिलांची, तीनदा.

पहिल्यांदा त्यांनी बटण दाबायचा नुसता धडाका लावला. माणूस खरं सांगतोय का हे बघायला मशीन मधूनच उजेड न पाडता नुसता आवाज करतं. मारुतरावांनी तिथंही दाबलं. "आप्पा, उगाच दाबत सुटू नका हो," सायली वैतागली. दुसऱ्यांदा थोडं बरं, पण तरी नको तिथं दाबलेलं, आणि कागदावर डावीकडं वरच्या अंगाला एक काळपट डाग. पहिल्या वेळीही तो होता. तिनं त्यांना चहा पाजला, पाठीमागं उशी दिली आणि तिसऱ्यांदा बसवलं. या वेळी तपासणी कशी स्वच्छ आली. तिनं तीच ठेवली. आधीच्या दोन पुसल्या नाहीत, पण कुणाला दाखवल्याही नाहीत. माणूस थकलेला होता, पापणी आड आली असेल, अशी कारणं तिनं स्वतःला दिली. डोळ्याच्या आतल्या फोटोत डाव्या डोळ्याची नस जरा खोलगट वाटत होती. डोळ्यातला दाब मोजला तर तो बरोबर निघाला, म्हणून तेही सोडून दिलं.

परक्या कुणाचा फोटो असता तर ती तो घेऊन डॉ. इफ्फत मॅडमकडे, तिच्या मार्गदर्शकांकडे, धावत गेली असती. पण हे आप्पांचे डोळे. डोळा कसा असतो हे ती ज्यांच्यावर शिकली तेच डोळे बिघडलेले असतील, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शिवाय त्या आठवड्यात तिला पन्नाशीपुढचा आणखी एक निरोगी माणूस हवा होता, हेही होतंच.

या गोष्टीला वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस सोजराबाई, तिची आई, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ह्यांच्या डोळ्याकडं बघ गं एकदा. दाराच्या चौकटीला खांदा घासून जात्यात. परवा मांजराच्या शेपटीवर पाय दिला."

सायली लॅपटॉपवर प्रबंधाचं प्रकरण लिहीत होती. तिनं मान वर केली नाही. "अगं आई, आप्पांचे डोळे माझ्या पीएच.डी.त आहेत. नॉर्मल आहेत ते."

"तसं आसंल मंग," सोजराबाई म्हणाली. एवढ्या शिकलेल्या पोरीपुढं आईनं आणखी काय बोलावं? तिनं सोललेले दाणे सुपात टाकले आणि विषय मिटला.

पुढं पाच-सहा महिन्यांनी, वैशाखात, दौलतरावांच्या धाकट्याचा, अजिंक्यचा, साखरपुडा निघाला. मोशीच्या कार्यालयात थाट केला होता. दौलतराव आणि मारुतराव यांच्यात विहिरीच्या वाटणीवरून सात-आठ वर्षं बोलणं नव्हतं. आता विहीरही राहिली नव्हती, तिच्यावर कुणाचंसं पार्किंग आलं होतं, तरी अबोला मात्र जागेवर होता. तो मोडायचा म्हणून दौलतरावांनी ठरवलं की भावकीतला पहिला मान मारुतरावांना, आणि तोही आपल्या हातानं. टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन ते स्वतः उठले. पाहुण्यांच्या पहिल्या ओळीत मारुतराव स्टेजकडे तोंड करून, नव्या जोडप्याकडे बघत हसत बसले होते. दौलतराव त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी पुढं केली.

मारुतराव स्टेजकडेच बघत राहिले.

दौलतरावांचा हात तसाच. आजूबाजूची कुजबुज थांबली. बायकांच्या बाजूनं सायलीनं हे पाहिलं, आणि आप्पा आता वळतील, मग वळतील, म्हणून वाट बघत राहिली. मारुतराव वळले नाहीत. गालावरचं हसूही हललं नाही.

"मारुती," दौलतराव म्हणाले, आणि आवाजात धार होती, "पोरगी डाक्टर व्हाया लागली तशी तुझी मान वळंना जनू."

आवाज कानावर आला तसे मारुतराव दचकले. सगळी मान फिरवून त्यांनी वर पाहिलं. "आं? दादा, कवा आलास?"

मंडळी हसली. दौलतराव हसले नाहीत. "लई येळ हुभा हाय मी हितं," एवढं बोलून त्यांनी टोपी शेजारच्या माणसाच्या डोक्यावर ठेवली आणि निघून गेले. मारुतराव उठून मागं गेले, हात जोडले, पण झाला तो अपमान चार लोकांत झाला होता. सायलीच्या हातात पेढा होता, तो तिला खाववेना. बाकी सगळ्यांना तिथं ताठा दिसला होता. तिला मात्र दिसलं होतं की टोपी पुढं आली तेव्हा आप्पांची बुबुळं जराही हलली नाहीत. माणूस ताठ्यानं मान वळवत नाही तेव्हा निदान डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी बघतो. आप्पांसाठी त्या बाजूला टोपीही नव्हती आणि दौलतरावही नव्हते.

"देवाची आन, म्या बघितलंच न्हाई गं," घरी येताना मारुतराव पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"बघितलं न्हाई म्हंजी? नाकाम्होरं तर हुतं दादा," सोजराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅबमध्ये गेली आणि तिनं जुने फोटो उघडले. दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही. डाव्या नसेची कड झिजून पातळ झालेली, उजवीचीही झिजायला लागलेली. काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. दाब बरोबर असतानाही तो होतो, हे तर ती ज्युनिअर मुलींना शिकवत होती. तिनं त्या दोन बाजूला ठेवलेल्या तपासण्या शेजारी शेजारी लावल्या. दोन्हींत डाग एकाच जागी. मशीननं दोनदा खरं सांगितलं होतं, आणि तिनं त्याच्याकडून तिसऱ्यांदा खोटं वदवून घेतलं होतं. दीड वर्षापूर्वीच थेंब सुरू झाले असते तर कालची टोपी आप्पांना दिसली असती.

शुक्रवारी तिला समितीसमोर प्रबंध मांडायचा होता. तो एकदा होऊन जाऊ दे, दीड वर्ष गेलं तिथं चार दिवसांनी काय बिघडतंय, असा विचार तिच्या मनात आला. आला, आणि थोडा वेळ राहिलासुद्धा. मग तिला स्वतःची किळस आली, आणि ती उठून इफ्फत मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी तिन्ही तपासण्या आणि फोटो शांतपणे बघितले. ओरडल्या असत्या तर सायलीला बरं वाटलं असतं.

"हे मला तेव्हा का नाही दाखवलंस?"

"वडिलांचे होते, मॅडम."

"परक्याचे असते तर दाखवले असतेस." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारचं मी पुढं ढकलते. तुझ्याकडच्या सगळ्यांच्या तपासण्या आता दुसरं कुणीतरी नव्यानं बघेल. वेळ जाईल, जाऊ दे. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी बोलते, पण आधी वडिलांना इथं आणून नीट तपास. आणि त्यांना तूच सांगायचं."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मारुतराव सकाळीच पांढरा शर्ट घालून तयार. पुन्हा पीएच.डी.चं काम निघालंय, अशीच त्यांची समजूत. गाडीची किल्ली त्यांनी सवयीनं उचलली. "द्या, मी चालवते," सायली म्हणाली. ते जरा थबकले, पण किल्ली दिली. वाटेत मागं बसून त्यांनी दोनदा विचारलं की समितीचे लोक आपल्यालाही बघायला येणार का. सायलीला समोरचा रस्ता नीट दिसेना. हेल्मेटची काच वर करून तिनं डोळे पुसले.

लॅबमध्ये त्यांना खुर्चीवर बसवून ती समोर स्टुलावर बसली. फार घोळवलं तर जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आप्पा, तुमच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. मागच्या खेपेलाच होता. माझ्या समोर होता, आणि मी बघितला नाही. चूक माझी आहे."

मारुतरावांनी शर्टाच्या खिशातले बोळे चाचपले. "बरा हुतो का?"

"गेलेली नजर येत नाही. राहिलेली थेंब टाकून राखता येते."

"म्हंजी टोपी म्या खरंच बघितली नव्हती." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क समाधान दिसलं. "दौलतदादाला सांगशील तेवढं. त्यो डाक्टरचं ऐकंल." मग त्यांचा चेहरा उतरला. "आन् मंग म्या पीएचडीतनं बाद?"

"आप्पा, आता ते सोडा."

"न्हाई, पारावर इच्यारत्यात. काय सांगू?"

सायलीला छळणारी गोष्ट तिनं विचारली. "तिसऱ्या वेळी सगळं बरोबर कसं आलं, आप्पा? तुम्हाला दिसत होतं?"

मारुतराव हसले. चोरी पकडली गेल्यासारखे, पण जरा ऐटीतही. "त्या मशीनला बारीक आवाज हाय. कर्र करतंय आन् मंग उजेड पाडतंय. आमच्या प्रेसवानीच की. ताल घावला की हात आपसूक पडतो, बघाय लागत न्हाई. पैल्यांदा ताल घावला नव्हता, लई दाबलं तर तू चिडलीस. मंग तिसऱ्या खेपंला मधी मधी सोडून दिलं. जमलं बराबर."

"पण का? दिसत नव्हतं तर तसं सांगायचं होतं ना."

"अगं, परीक्षा तुजी, आन् म्या न्हाई कसं म्हनू?"

"परीक्षा माझी नव्हती, आप्पा. तुमच्या डोळ्यांची होती."

"तूच म्हनली हुतीस की."

"मी? कधी?"

"पैल्या वर्साला. रिक्षात." मारुतरावांनी तिचा तेव्हाचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "आप्पा, नीट सांगा हां. तुम्ही चुकलात की माझे मार्क जातात." त्यांनी तळहातानं गुडघा चोळला. "तवापास्नं म्या एकदाबी चुकलो न्हाई."

सायलीला ती रिक्षा आठवली, मांडीवरची वही आठवली, हे वाक्य मात्र आठवेना. घाबरलेल्या पोरीनं सहज बोललेलं. ती उतरली आणि विसरून गेली. त्यांनी ते दहा वर्षं सांभाळलं होतं. इतक्या वर्षांत ती जेव्हा जेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बसली, तेव्हा समोरचा माणूस आपली नजर सांगत नव्हता, तिला पास करत होता. आणि ती होत गेली. तिला रडायचं होतं, पण रडली असती तर त्यांनीच तिची समजूत घातली असती, आणि तेवढं तरी तिला आज घडू द्यायचं नव्हतं.

"आप्पा, आज पुन्हा करायचं," ती म्हणाली. "खिशातले बोळे काढा."

"हितं?"

"हो. कानात घाला. मशीनचा आवाज तुम्हाला यायला नको. आणि नीट ऐका, दिसलं तरच दाबायचं. नाही दिसलं तर नाही दाबायचं."

"आन् तुजं मार्क?"

"माझे मार्क त्यातच आहेत."

हे त्यांना पटल्यासारखं दिसलं नाही, पण त्यांनी मान हलवली. नारिंगी बोळे बोटांनी चेपून, कान ओढून, तीस वर्षांच्या सवयीनं नीट आत बसवले. सायलीनं त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली, हनुवटी टेकवून दिली, हातात बटण दिलं. दिवा बंद करून तिनं मशीन सुरू केलं आणि त्यांच्या हाताशेजारी जाऊन उभी राहिली.

सुरुवातीला अंगठा हलला. टक. मग थांबून, विचार केल्यासारखा, आणखी एकदा. ती पडद्याकडे न बघता अंगठ्याकडेच बघत होती. हळूहळू त्याचं हलणं विरळ झालं. जिथं होकार मिळत नाही तिथं हे मशीन फिरून फिरून येतं, आणि दर वेळी आधीपेक्षा लख्ख उजेड टाकतं. ते आता तेच करत होतं. कर्र, आणि उजेड. कर्र, आणि त्याहून मोठा उजेड. अंगठा बटणावर नुसता टेकलेला. पडद्यावर डावीकडून वरचा भाग काळा होत चालला होता, आणि तो त्या जुन्या डागाएवढा राहिला नव्हता.

"सायले," कानात बोळे असल्यामुळं मारुतराव मोठ्यानं म्हणाले, प्रेस शॉपमध्ये बोलतात तसे, "मशीन बंद पडलं का गं?"

मशीन चालू होतं. भांड्याच्या पांढऱ्या भिंतीवर त्याच्याकडचा सगळ्यात लख्ख उजेड पडत होता. ती उभी होती तिथूनही तो दिसत होता.

"चालू आहे, आप्पा," ती म्हणाली. त्यांना ते ऐकू जाणार नव्हतं. पिवळ्या ठिपक्यावर नजर लावून, अंगठा बटणावर तयार ठेवून, मारुतराव मशीन सुरू व्हायची वाट बघत बसून राहिले.